पट्टा आणि हळिवाची खीर

मारुंजीत सुलक्षणाची खानावळ कुटं म्हणून विचारलं, की माणूस आधी हसायचा आणि मग हात दाखवायचा. "ती पट्टेवाली ना? त्या तिकडं." त्याआधी ती नुसती 'जाडी वैनी' होती, पण त्या नावात माया तरी होती.

पट्टा पोटातला होता. दोन हजार सात साली पुण्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या जठराला वरच्या अंगाला पट्टा आवळून दिला होता, दोन घासांत पोट भरावं म्हणून. हौस नव्हती ती. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं तिच्याकडं जेवायची, तव्यापुढं उभं राहून राहून गुडघे कामातून गेलेले. गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, आधी वजन उतरवा. नवरा एकनाथ टेम्पो चालवायचा, बोलणं त्याचं एक घाव दोन तुकडे. "पट्टा बसवून घे. तरी न्हाई उतरलं तर खानावळ बंद. गाळा मोबाईलवाल्याला देऊ." चुलीपुढून उठवलेल्या बाईनं मग दिवसभर करायचं काय? गल्लीतल्या भाडेकरूंच्या गाड्या मोजत बसायचं?

सुरुवातीला उतरलं. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या, ब्लाउज टाचून घालायची वेळ आली. मग काटा थांबला, आणि एक दिवस उलटा फिरला. वर्षाच्या आत गेलं तेवढं जवळजवळ परत आलं. गिरणीत चंद्राबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "सुले, पट्टा सैल पडला का गं? एक भोक आत घे की!" बाया खिदळल्या. सुलक्षणाही हसली. दळण घेऊन घरी आली आणि पिठाच्या डब्यावर असं झाकण आपटलं, की आतल्या खोलीत झोपलेली सासू दचकून उठली.

दवाखान्यानं तपासायला बोलावलं होतं, पण ती जाईना. नापास झालेल्या पोरानं मास्तरांची गल्ली टाळावी, तसा तिनं तो रस्ताच टाळला. तिला कळतच नव्हतं हे झालं कसं. भाकरीचा तुकडा छातीत अडायचा, डोळे पांढरे व्हायचे, मोरीकडं पळावं लागायचं. खात तर ती काहीच नव्हती.

गणपती उठले त्या आठवड्यात गुडघ्यानं दगा दिला. तोल गेला आणि डावा तळहात तापल्या तव्यावर टेकला. एकनाथनं हाताला हळद लावली, फडकं बांधलं आणि गाठ मारता मारता म्हणाला, "बास झालं. दिवाळी झाली की गाळा द्यायचा."

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता बसनं पुण्याला गेली.

दवाखान्यात आहाराचं बघायला उत्कर्षा नावाची मुलगी होती, लेकीच्या वयाची. सुलक्षणा खुर्चीच्या कडेला बसली.

"काय काय खाता, ताई?"

"काय न्हाई ओ. चतकोर भाकरी सुदिक उतरत न्हाई."

"आणि पिता काय?"

"पाणी, च्या. आन् खीर."

"कसली खीर?"

"हळिवाची. नारळाच्या दुधात. गूळ, तूप घालून. सकाळ-संध्याकाळ. ते खाण्यात न्हाई धरायचं, औषध हाय ते. टाके भरायला."

उत्कर्षानं लिहिणं थांबवलं. "टाके? ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं ना?"

आता काय सांगायचं! ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस पातळच द्या. सासू अनुसयाबाईंना पोट कापलेल्या बाईचं एकच पथ्य ठाऊक, बाळंतिणीचं. त्यांनी सुनेच्या कानाला फडकं बांधलं, शेक-शेगडी केली, आणि हळिवाची खीर सुरू केली. डिंकाचा लाडू गिळवेना, तर तो दुधात कुस्करला. टाके वाळले, फडकं सुटलं. खीर तेवढी राहिली.

"ताई," उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली, "पट्टा भाकरी अडवतो. खीर त्याच्या हातून निसटते. पट्टा पुन्हा आवळायचा का, ते डॉक्टर बघतील. पण आधी खीर बंद. बसून जेवायचं, करंगळीच्या नखाएवढा घास, पीठ होईस्तोवर चावायचा."

चावायचं सोपं होतं. सासूला, आत्याबाईंना, सांगायचं कसं? परतीच्या बसमध्ये तिला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी अनुसयाबाई वाटी घेऊन आल्याच.

"नगं आत्याबाई. आता खीर नगं."

"का? गोड कमी झालं?"

"डॉक्टरीण म्हणली, खिरीनंच वजन वाढलं."

म्हातारीचा हात तसाच राहिला. "म्हंजी मी वाढवलं व्हय? पाच बाळंतपणं काढली मी. पाचवी पुजली न्हाई पुजली तवर लावणीच्या चिखलात हुबी व्हते. कुणी वाटीभर काय पुढं केलं न्हाई. म्हणलं, हिला तरी मिळू दे. तर हे ऐकायचं!"

वाटी खाली ठेवून त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या. जेवल्या नाहीत.

सुलक्षणा वाटीकडं बघत राहिली. एवढी एक प्यायली तर घर शांत होईल. वाटी तिनं उचललीही, ओठांपाशी नेली. वेलदोड्याचा वास आला. मग ती उठली, पातेलंच घेतलं आणि जेवायला बसलेल्या पोरांच्या ताटांत खीर वाढून टाकली.

"काकू, आज काय बड्डे आहे का जी?" अमरावतीचा मनीष ओरडला. आत अनुसयाबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी कूस बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीत, सुलक्षणा स्टूल ओढून चतकोर भाकरी घेऊन बसली. एकनाथ बघतच राहिला.

"धंद्याच्या टायमाला जेवतीस?"

"मग कवा जेवू? समद्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या कोंबायचं, म्हणून तर अडतंय."

"काकू, आमटी!" पोरांनी ताटं वाजवली. तिनं घाईनं घास गिळला आणि तो छातीत अडला. मोरीत जाऊन आली. पदरानं तोंड पुसलं. एकनाथ मान हलवत टेम्पोकडं वळला. ती पुन्हा स्टुलावर बसली.

कालपासून अनुसयाबाई सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्यांनी पळी उचलली, आमटीचं पातेलं फडक्यानं धरलं आणि दारात पोचलेल्या लेकाला ऐकवलं, "तिला सांग, गपगुमान चाव म्हणावं. वाढतीया मी."

चतकोरातला निम्माच खाली गेला. दिवाळी महिना-दीड महिन्यावर होती, आणि एकनाथनं गाळ्याचं बोलणं मागं घेतलं नव्हतं. सुलक्षणानं आणखी बारका तुकडा मोडला आणि चावत राहिली.