फूल दिसायच्या आत

जगातली निम्मी भांडणं, बहुतेक आजार आणि झाडून सगळी फसलेली लग्नं एकाच कारणाने होतात, ते म्हणजे माणसं तण उशिरा काढतात, असं माझ्या थोरल्या नणंदेचं ठाम मत होतं. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, लग्न केलं नव्हतं, अंधेरीला आमच्याच घरी राहायच्या. घराण्यात तीन पिढ्यांत कुणी खुरपं धरलेलं नसताना त्यांनी मढच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईचा भाताचा तुकडा हिवाळ्यापुरता कसायला घेतला होता. भात निघालं की तिथे विहिरीच्या पाण्यावर झुडपी घेवडा. सकाळी वर्सोव्याहून होडीने पलीकडे जायचं आणि दुपारी नखांत माती घेऊन लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहायला जागा नसे. तिथे घेवड्याचं वय लिहिलेलं असे. तिसऱ्या आठवड्यापासून फुलं येईपर्यंत घेवड्याशेजारी गवताची काडी दिसता कामा नये, कारण नेमक्या याच दिवसांत गवत त्याच्या तोंडचं पाणी पळवतं आणि शेंगा घटतात. पुढे घेवडा स्वतःच जमीन झाकतो. माझा भाऊ मुलीच्या बारशाचं बोलावणं घेऊन आला, तर कॅलेंडर बघून नणंदबाईंनी विचारलं, "दहा दिवस पुढे नाही का ढकलता येणार? मूल कुठे पळून जात नाही."

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. आदल्या वर्षी त्यांना रजा मिळाली नव्हती, खुरपणी लांबली आणि पीक गवताने खाल्लं. इकडे शूटिंगला भाड्याने देण्यासाठी बंगला बांधायचा म्हणून एक जण त्या जागेच्या मागे लागला होता. म्हातारीने सरळ सांगितलं, "बाय, औंदा पण गवतच पिकलं तर जागा त्याला देईन." आणि पेरणीपासून बरोबर विसाव्या दिवशी नणंदबाई वर्सोव्याच्या धक्क्यावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर.

"मग आत्ता नको," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी घाला."

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जमिनीकडे. प्लास्टर घातलं. त्यानंतर त्या रोज सकाळी "जरा फिरून येते" म्हणून बाहेर पडत. डाव्या हाताने त्यांनी निम्मं रान खुरपलं होतं, हे आम्हाला तेहतिसाव्या दिवशी कळलं. त्या दिवशी त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, मला दोन दिवस देशील का तुमचे?" त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्याने निमूटपणे बँकेत रजा टाकली.

पहिल्या दिवशी आम्ही सातलाच पोचलो, तर त्यांनी बांधावर बसवून ठेवलं. पानांवर दव होतं. "ओल्या पानांना हात लावाल, तर एका झाडाचा रोग सगळ्यांना वाटत फिराल." दव सुकायला दहा वाजले. मग मी पहिल्याच झपाट्यात घेवड्याची चार रोपं उपटली. त्यांनी फक्त डोळे मिटले, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ओळी राहिल्या असताना मला एका रोपावर पांढरं फूल दिसलं. फुलं दिसली की खुरपं बंद, हा त्यांचाच नियम. मुळं दुखावली की फुलं गळतात. मी खुरपं चालूच ठेवलं. पण त्यांनी ते माझ्या पाठोपाठ पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"अगं ताई, तीनच ओळी आहेत," नवरा कळवळला. "होऊन जाईल ना तासाभरात."

त्यांनी पिशवीतून शिवणकामाच्या दोन कात्र्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतः डाव्या हातात घेतली. मुळांना धक्का न लावता गवत जमिनीलगत कापायचं. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीने, न्हाव्यासारखे, त्या तीन ओळींचे केस कापत होतो. बंगलेवाला कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला आणि निघून गेला.

घेवडा लगडला. कात्रीच्या ओळींत शेंगा थोड्या कमी धरल्या. त्या शेंगा घरी आल्यावर नणंदबाईंनी माझ्या हवाली केल्या, "ह्या तुझ्या" म्हणून. म्हातारी ओटीभर शेंगा घेऊन गेली आणि "पुढच्या सालाला पण कर" एवढंच म्हणाली.

तसे आणखी तीन हिवाळे मिळाले. मग म्हातारी वारली. तिच्या मुलांनी जागा बंगलेवाल्याला देऊन टाकली, आणि पेरणी झाल्यावर कळलं की महिनाभरात बांधकाम सुरू होणार. एकविसाव्या दिवशी नणंदबाई पिशवी घेऊन निघाल्या, म्हणून मीही गेले. आखणीचे खुंटे घेवड्याच्या ओळींत ठोकलेले होते.

"ताई, आता कशाला?" मी म्हटलं. "शेंगा धरायच्या आत हे सगळं जाणार."

"घेवड्याला ते कुठे माहीत आहे?" त्या खाली बसत म्हणाल्या. "दव सुकलंय बघ. त्या बाजूने तू धर."

मी पदर खोचला आणि त्या बाजूने धरलं.