अभिमनच्या बारागाड्या

अभिमनला भीतीची चटक होती. कोणाला तंबाखूची असते, कोणाला पत्त्यांची. याला काळीज घशाशी आल्याशिवाय भाकरी गोड लागत नसे. तापीला पूर आला की हा सावळद्याच्या पुलावरून उडी घेणार. आग्रा रोडवर चढावाला ट्रक हळू झाला की मागच्या साखळीला लटकून शिरपूरपर्यंत जाणार, आणि तिथे काम म्हणाल तर काहीच नाही. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

बायको कमलबाई हे सगळं भोगत होती. उडी मारून आला की गडी चार भाकरी खाई, हसे, तिची वेणी ओढी. मग पंधरा दिवस काही घडलं नाही की तोंड उतरे, वखर मध्येच सोडून बांधावर बसून राही. "मना जीव आंबी गया," म्हणे. तिने शपथा घातल्या, माहेरी जाऊन बसली. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा जिवंत असावा आणि घरात असावा, याहून मोठं मागणं तिने देवाकडेही केलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली तिला युक्ती सुचली. गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढत. बारा बैलगाड्या बैलांवाचून एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून बसवायची, आणि खांद्यावर दोर घेऊन, अंगात देव येणाऱ्या भगताने त्या ओढायच्या. त्याचे दंड धरून दोन बाजूंना दोन बगले पळत. उतारावर गाड्यांना वेग आला की बगल्यांनी त्याला बाजूला खेचायचं आणि बाकीच्यांनी चाकांना दगडाची उटी लावायची. जुने भगत कौतिक नाना आता थकले होते. कमलबाई त्यांच्या पाया पडली.

"नाना, यास्ले भगत करा. सालमा एक दिन काय ते करू द्या. बाकी दिन तरी घर ऱ्हातीन."

आणि ते साधलं! नऊ दिवस देवळात उपास, मग अंगभर हळद, मग ती धाव. त्या एका दिवसावर अभिमन वर्ष काढू लागला. चार वर्षं तो शहाण्यासारखा वागला. बायका कमलबाईची अक्कल वाखाणत, आणि खोटं कशाला बोला, तीही थोडी फुगली होती.

पाचव्या आखाजीला हळद लावून घेताना तो हळूच म्हणाला, "कमल, आते काहीच वाटस नही. बगला माले पडूच देतस नही."

नानांना सांगावं, तर ते भगतपण काढून घेतील आणि हा पुन्हा पुलावर जाईल. ती हळद चोळत राहिली.

उताराला लागताच अभिमनने दोन्ही दंड हिसडले. "सोडा माले!" भगताच्या अंगात देव आलेला, हा देवाचाच हुकूम, असं समजून बगल्यांनी सोडलं. वीसेक पावलं तो एकटा धावला. कमलबाईने पाहिलं, तो हसत होता. मग पाय अडखळला. उटी लागेपर्यंत तीन गाड्या त्याच्या पायांवरून गेल्या.

धुळ्याच्या दवाखान्यातून तो दोन्ही पाय गमावून आला. उपासात काहीतरी चुकलं असणार, असं गावाने ठरवून टाकलं. कमलबाईने कोणाला काही सांगितलं नाही. बायका समजूत घालत, "आते तुना धनी घर तरी शे." ते खरंच होतं, आणि तिला ते ऐकवत नसे. खाटेवर पडून तो आढ्याकडे बघे, अर्धी भाकरी टाकून देई.

पुढच्या आखाजीला तिनेच हट्ट धरला. झुलाल नवा भगत झाला होता. दोन गड्यांनी अभिमनला उचलून पहिल्या गाडीत बसवलं, ती शेजारी चढली. गाड्या उताराला लागल्या. माणसं किंचाळली. तिने त्याचा हात गच्च धरला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

अभिमनने जांभई दिली.

"काही वाटनं का?" गाड्या थांबल्यावर तिने विचारलं.

"नही," तो म्हणाला. "घर चाल. नहीतर आठेच गाडीमा ऱ्हाऊ दे. माले बठ्ठं सारखंच शे."

भोवती गुलाल उडत होता, लोक झुलालला खांद्यावर घेऊन नाचत होते. कमलबाई त्याचा हात तसाच धरून बसली. नवरा शेजारी श्वास घेत होता, आणि आपण विधवा झालो हे आता कोणाला सांगायचीही सोय नव्हती.