हात पोचत नाही ती जागा

आपांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते औषधाच्या दुकानात. माझ्यापुढे चार जण होते आणि सगळ्यांत पुढे एक ठेंगणी, साठीची बाई पात्यांची पाकिटं एकेक करून उजेडाकडे धरत होती आणि त्यांवरची तारीख वाचत होती. पाकिटं पन्नास तरी असतील. रांगेतले लोक या पायावरून त्या पायावर होत होते.

"आपा, ब्लेड आहेत ती, दूध नाही," दुकानदार म्हणाला.

"दूध नासलं तर वासाने कळतं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "यांचं कसं कळायचं ते तू सांग."

दोन पाकिटं त्यांनी परत केली. एकाची कड सुटली होती, दुसऱ्यावरची तारीख पुसली होती. मग हातमोज्यांचा खोका काखेत मारून, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता त्या निघून गेल्या. चौतीस वर्षं वह्या तपासल्यामुळे असेल, पण ही बाई मला आवडली. कोण हो या, म्हणून मी विचारलं.

"हिजामावाल्या आपा. तुंबड्या लावून रक्त काढतात ना, त्या," दुकानदार म्हणाला. "माझी बायको जाते. मी आपला लांबूनच सलाम करतो."

फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा तेव्हा कामातून गेला होता. पुढच्या आठवड्यात मी गेले.

त्यांची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. जिना अरुंद आणि अंधारा, वर मात्र एकदम लख्ख. एक उंच बाक, त्यावर दर बाईसाठी नवा कागद, भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ, वापरलेल्या पात्यांसाठी झाकणाचा डबा, आणि पडद्यामागे कप धुवायचं बेसिन. आपांनी आधी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर पाहिलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, खाऊन किती वेळ झाला, जखम लवकर भरते का, सगळं विचारलं. मग खांद्यावर तेलाचं बोट फिरवून पारदर्शक कप ठेवले आणि छोट्या हातपंपाने आतली हवा ओढली. कातडी वर उचलली गेली. तीन मिनिटांनी कप काढून त्यांनी तिथे पात्याने बारीक ओरखडे काढले, मांजराने काढावेत तेवढेच, आणि कप पुन्हा बसवले. या वेळी आत रक्त जमू लागलं, गडद आणि बघता बघता गोठणारं.

"हे सगळं खराब रक्त ना?"

"सगळ्या असंच म्हणतात. बाहेर येऊन गोठलं की कुणाचंही असंच दिसतं, बाई. माझंही."

"मग गुण कशाने येतो?"

"आमच्या पैगंबरांनी केलं आणि करा म्हणाले, म्हणून मी करते. गुण देणारा वर बसलाय. मान, पाठ, डोकं दुखणाऱ्या बऱ्याच जणींना हलकं वाटतं. काहींना नाही वाटत. तुम्हाला नाही वाटलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, माझ्याकडे पुन्हा येऊ नका."

मला हलकं वाटलं, आठ-दहा दिवस. ते कपांमुळे की अर्धा तास कुणीतरी माझ्या खांद्याकडे इतकं मन लावून पाहिलं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, काहींचं दुखणं कमी झाल्याचं दिसलंय, पण छातीठोकपणे बोलावं इतकं कुणी तपासलेलं नाही. आपांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबरच बोलले."

पुढे मी वरचेवर जाऊ लागले, खांद्यासाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त. त्या गप्पांत एक माणूस सतत असायचं, ती म्हणजे धाकटी बहीण. आता तीही साठीच्या घरात आहे, पण आपांच्या तोंडी ती कायम 'धाकटी', म्हणून मीही तसंच लिहिते. दोघी हे काम आईकडून शिकल्या होत्या आणि याच खोलीत पंचवीस वर्षं बरोबर करत होत्या. एक कप लावायची, दुसरी धुवायची. आपा मोजक्या बोलायच्या, धाकटी बायकांना हसवून हसवून घाबरायलाच विसरायला लावायची.

मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा असते. हिजाम्यात ती सगळ्यांत महत्त्वाची. स्वतःचा हात तिथे पोचत नाही, कितीही शिकलेला असला तरी. त्यामुळे चांद्रमासाच्या सतरा तारखेला धाकटी आपांच्या पाठीवर कप लावायची आणि एकोणीसला आपा धाकटीच्या. या तारखा त्यांच्यात चांगल्या मानतात.

"तिचा हात असा होता, की पातं लागलं हे कळायचंच नाही," आपा सांगायच्या. "मी विचारायची, झालं का गं? ती म्हणायची, कधीच झालं, तू झोपली होतीस."

हे सगळं दहा-अकरा वर्षांपूर्वी थांबलं. एका बसड्रायव्हरची बायको कंबरेसाठी यायची. तिला साखर होती. एक दिवस तिने धाकटीला विचारलं, गोळ्या बंद करू का? आणि धाकटी, मनात काही वाईट नसताना, निव्वळ भरवशाच्या भरात म्हणाली, "इथे येतेस ना, मग गोळ्या कशाला?" चार महिन्यांनी त्या बाईच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. नवरा आणि दीर जिना चढून आले. धाकटी म्हणाली, मी असं बोललेच नाही. मग त्यांनी आपांकडे पाहिलं. आपा त्या दिवशी पडद्यामागे कप धूत होत्या आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

"म्हणाली होती," आपा म्हणाल्या.

धाकटी त्याच आठवड्यात मुलाकडे दुसऱ्या गावी निघून गेली. जाताना आपले कप तेवढे घेतले. तेव्हापासून फोन नाही, निरोप नाही. आपांनी कप लावणं सोडलं नाही, पण स्वतःच्या पाठीला कुणाला हात लावू दिला नाही. त्यांची सून दवाखान्यात नर्स आहे, तिने कितीदा म्हटलं, अम्मी, मी लावते. आपा म्हणायच्या, "तुझे हात गार आहेत." सून माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. "यांना गरम हातवाली पाहिजे," ती पुटपुटायची, "आणि ती येत नाही."

एकदा बायका गेल्यावर आपांनी दार लावलं आणि माझ्याकडे पाठ करून कुडता मानेपासून खाली ओढला. "बाई, बघा. तिच्या वेळचे ओरखडे दिसतात का अजून?"

मी चष्मा सारखा करून पाहिलं. नऊ वर्षांत मांजराच्या ओरखड्यांचं काय राहणार? पाठ स्वच्छ होती.

"पुसट दिसतात," मी म्हटलं.

"दिसणारच," आपा म्हणाल्या, आणि कुडता सारखा केला.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. आधी आपांच्या छातीत दुखलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. ती चालू असताना हिजामा करायचा नाही, हे आपांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः दर महिन्याला अशा दोन-चार बायकांना जिन्यावरूनच परत पाठवत. मग तीन महिन्यांनी त्यांची मावशी वारली आणि धाकटी गावात आली, तीन दिवसांसाठी. मावशीच्या घरी दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या. तिसरा दिवस नेमका सतरा तारखेचा होता. आपांनी भाच्याबरोबर निरोप पाठवला: सतरा आहे, येशील का?

"तुम्ही बसा, बाई," मला म्हणाल्या. "दोघीच असलो तर भांडू."

धाकटी सकाळी अकराला आली. आपांपेक्षा उंच, पुष्कळ वाळलेली, हातात कपांची पिशवी आणि एक वही. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. तिने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "बाक तोच आहे."

"कुरकुरतो तसाच. बस."

"बसायला आले नाही. पाठ दाखव." मग थांबून तिने वही उघडली. त्यात हाताने आखलेले रकाने होते. "वय?"

"तुला ठाऊक नाही?"

"सगळ्यांना विचारते. वय?"

"एकाहत्तर. तुझ्यापेक्षा सातने मोठी, लिही."

"साखर?"

"नाही."

साखरेच्या रकान्यात तिने ते सावकाश लिहिलं. धाकटी वहीतच बघत होती. "गोळ्या कुठल्या? प्रेशरची? रक्त पातळ करायची?"

"काही नाही," आपा म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आपा बाकावर पालथ्या झाल्या होत्या, गाल हातावर टेकवलेला, आणि इतक्या वर्षांत मी न पाहिलेला चेहरा तिथे होता.

धाकटीने तेल लावलं. कप बसवले, हवा ओढली. तीन मिनिटं घड्याळाचा काटा फिरत राहिला. तिचा डावा तळवा आपांच्या पाठीवर नुसता टेकलेला होता. एकदा ती म्हणाली, "वाळलीस." आपा म्हणाल्या, "तू कुठे पहिलवान झालीस?" आणि दोघी हसल्या.

मधला कप निघाला. धाकटीने पात्याचं पाकीट फाडलं. आता बोलायचंच म्हणून मी उठले, तेवढ्यात आपा म्हणाल्या, "थांब."

"काय झालं?"

"गोळी आहे. रक्त पातळ करायची. सकाळीच घेतलीय."

धाकटीचा हात वरच्या वर थांबला. "मग मघाशी काय म्हणालीस?"

"मघाशी तुझा हात हवा होता." आपा तशाच पालथ्या पडून बोलत होत्या. "आता रक्त थांबलं नाही तर लोक तुझं नाव घेतील. पुन्हा."

धाकटीने पातं झाकणाच्या डब्यात टाकलं. हातमोजे काढले, एक, मग दुसरा. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुला खोटं बोलता येतं तर. मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

आपांनी गाल पुन्हा हातावर टेकवला. त्या बाईची बोटं गेली होती, खरं तेच त्या बोलल्या होत्या, आणि बहीण गमावली होती. हे तिन्ही खरं होतं आणि धाकटीलाही ते माहीत होतं. नाहीतर ती वही कशाला?

मग धाकटीने उरलेले कप एकेक करून सोडवले, उघड्या हातावर तेल घेतलं आणि त्या लाल गोल वळांवर चोळत बसली. मधोमध, मानेखाली, पुन्हा पुन्हा. मी पडद्यामागे जाऊन कप धुवायला घेतले. बाहेर आले तेव्हा आपा झोपल्या होत्या आणि धाकटी पिशवी भरत होती.

"उठवू नका," ती मला म्हणाली. "बस दीडची आहे."

"पुन्हा कधी येणार?"

"बघू, बाई," ती म्हणाली आणि जिना उतरली.

याला दीड वर्ष झालं. ती आलेली नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला सुनेच्या मोबाइलवर तिचा फोन येतो. जाळीचं काय, गोळ्या संपल्या तर नाहीत ना, डॉक्टरने पुढची तारीख कधीची दिलीय, एवढं विचारते. सून फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवते. आपा शेजारी बसून ऐकतात आणि अजून तरी एकदाही बोललेल्या नाहीत.