अकरा ताटल्या आणि नंदाचा डबा

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या शाळेच्या हेडक्लार्कच्या नाकात चहा गेला होता. आणि हसलात तरी चालेल बरं का. मी स्वतःच आता हसायला लागलोय, तर तुम्ही कशाला मागं राहता!

माणूस आयुष्यात एकदा तरी माती खातोच. मी खाल्ली ती एसी हॉटेलात, काचेच्या दाराआड, पांढऱ्याशुभ्र ताटलीत.

त्याचं असं झालं. माझी लेक मुक्ता पुण्यात नोकरीला. तिथंच तिला अनिकेत भेटला. दोघांचं ठरलेलंच होतं, राहिलं होतं ते मोठ्या माणसांचं. अनिकेतच्या आईवडिलांचा निरोप आला, "रविवारी इंदापूरला येतो. घरही बघू आणि तुम्हालाही भेटू."

आता घर म्हणजे काय, तर मी आणि चार भिंती. नंदाला, माझ्या बायकोला, जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. मला स्वयंपाकातली एक खिचडी येते. तीसुद्धा मुक्ता वाटीतून पिते.

नंदाचा हिशेब सरळ होता. घरात चार माणसं असली की ती सहाजणांचं करायची. "वरचं दोघांचं कुणासाठी?" मी विचारायचो. "येतील त्यांच्यासाठी," ती म्हणायची. आणि यायचंही कुणीतरी! पाहुणा आमच्या दारातून अर्धपोटी गेला, असं तिच्या राज्यात कधी घडलं नाही. आता तिच्यामागं पहिल्यांदाच मला कुणाला तरी जेवू घालायचं होतं. तेही कुणाला? लेकीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना! आई नसलेल्या घरात पाहुण्यांची आबाळ होते, असं एकदा त्यांच्या मनात बसलं की संपलं. मला रात्रीची झोप लागेना.

शेवटी ठरलं ते असं. सकाळी इंदापुरात पोहे, चहा, घर दाखवणं. मग पाहुणे बारामतीवरूनच पुण्याला परतणार, तर दुपारचं जेवण बारामतीत. तिथं एक नवं हॉटेल उघडलं होतं. फार भारी आहे, एवढंच ऐकून होतो. मी फोन लावला.

"सर, आमच्याकडे जेवण जरा वेगळ्या पद्धतीनं येतं. सांगू का?" मॅनेजर म्हणाला.

"काही सांगू नका. पाच माणसं. तुमच्याकडचं सगळ्यात भारी जेवण. फक्त हात आखडू नका."

"हो, पण सर, त्यात काय असतं की..."

"पैशाचं बघू नका हो तुम्ही!" असं म्हणून मी फोन ठेवला.

हा फोन लक्षात ठेवा. सगळी माती तिथलीच आहे.

सकाळ झकास गेली. अनिकेतच्या वडिलांनी बागेतली कढीपत्त्याची झाडं मोजली. आईंनी घर शांतपणे बघितलं, नंदाच्या फोटोपाशी जरा थांबल्या, बोलल्या मात्र काही नाहीत. त्या न बोलण्यानं माझा जीव आणखी वर आला.

साडेबाराला आम्ही हॉटेलात. आत इतकी शांतता की मला वाटलं, आज बंद आहे की काय! खुर्च्या अशा की बसलं की उठवत नाही. मग पहिली ताटली आली.

ताटली म्हणजे किती? बैलगाडीचं चाक! आणि तिच्या मधोमध, सुपारीएवढा एक पांढरा गोळा. त्यावर एक पान. पानही कसलं, मेथीच्या जुडीतून गळालेलं असावं तेवढं.

मला वाटलं, पंगतीत आधी मीठ-लिंबू वाढतात, तसलं काही असेल. आता मागून वाढपी येईल. म्हणून मी हात आवरून बसलो. बाकीच्यांनी तो गोळा तोंडात टाकला. वाढपी आला. आणि त्यानं सगळ्या ताटल्या उचलल्या! माझीसुद्धा, गोळ्यासकट.

मग काहीच येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. टेबल स्वच्छ, पाहुणे स्वच्छ, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार. झालं वाटतं जेवण!

यजमान म्हणून काहीतरी करायला हवं होतं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घ्या की अजून! लाजू नका."

अनिकेतच्या वडिलांनी समोरच्या रिकाम्या टेबलाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "नाही नाही, अगदी भरपूर झालं," ते म्हणाले. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, विचारायचं ना कुणाला तरी! कसं विचारणार? पाहुण्यांसमोर 'अजून काही आहे का हो आत' असं विचारायचं म्हणजे आपली अब्रू आपणच टांगायची. मुक्ताकडं बघून मी भुवया उडवल्या. तिला वाटलं, जेवण कसं आहे ते विचारतोय. तिनं अंगठा दाखवला. बाबांनीच बुक केलंय म्हणजे बाबांना सगळं ठाऊक, असा तिचा समज!

मग दुसरं आलं. सार. संध्येच्या पळीत मावेल एवढं. मी माझी वाटी हळूच अनिकेतच्या वडिलांपुढं सरकवली. "घ्या, मला आज जरा जडच वाटतंय." माझ्या पोटात सकाळचे मूठभर पोहे होते. परत पंधरा मिनिटं शुकशुकाट.

आता मात्र माझी खात्रीच झाली. आत अन्न संपलंय, आणि हे लोक नखानखानं वाढून वेळ मारून नेतायत. असं झालं की गावात काय करतात? बोभाटा करत नाहीत. गुपचूप भावकीत निरोप धाडतात. मग घराघरातून भाकरी मागच्या दारानं येतात आणि पंगतीला पत्ता लागत नाही. शरम झाकायलाच तर भावकी असते.

"शाळेचा फोन आहे," असं म्हणून मी उठलो. रविवारी शाळेचा फोन! तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर येऊन बारामतीजवळच्या पणदऱ्याला, दत्तूदादाला फोन लावला. माझा थोरला चुलतभाऊ. उसाला पाणी देत होता.

"दादा, जेवाण कमी पडलंय."

"कुणाचं?"

"मुक्ताच्या सासरच्यांचं. बारामतीत हाटेलात बसलोय."

"किती माणसं हायती?"

"पाच."

"आरं, पाच माणसाला हाटेलात जेवाण पुरंना?"

"पुरंना."

"कसलं हाटेल हाय म्हणायचं ते! पैकं घेत्यात न्हवं?"

"लई घेत्यात. दादा, वहिनीस्नी सांग, दहा-बारा भाकरी, पिठलं, ठेचा. मागच्या दारानं ये. आवाज करू नको."

"आवाज कशाला करतोय मी! नंदाच्या दारचा पाव्हणा उपाशी जाईल व्हय?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मला किती धीर आला म्हणून सांगू!

आत येऊन बसतो, तर तिसरी ताटली येऊन गेलेली. माझी तशीच उचलून नेलेली. मग चौथी आली, पाचवी आली; माझ्या वाटचं मी दरवेळी पाहुण्यांपुढं सरकवत होतो. सहावीला मटण. घासाचा आकारही वाढत चालला, सुपारी जाऊन लिंबाएवढा, मग आंब्याएवढा. सातवीला भात. तेव्हा वाढपी वाकून अदबीनं म्हणाला, "सर, अजून चार कोर्स आहेत. थोडं थांबून आणू का?"

अकरा! एकूण अकरा ताटल्या होत्या! एकेक करून, दोन तास! हेच तो मॅनेजर फोनवर सांगत होता हो!

मी ताडकन उठलो. "परत शाळा," म्हणालो आणि बाहेर पळालो. दत्तूदादाला फोन. उचलेना. परत. उचलेना. मोटरसायकलवर असताना तो फोन पिशवीत ठेवतो, हा त्याचा एकमेव शहाणपणा आणि तो नेमका आज आडवा आला. सहा वेळा लावला. आत आलो तर आठवी ताटली गेलेली. परत बाहेर, परत आत, नववी गेलेली. मी बाहेर असलो की ताटली येते, मी आत आलो की जाते! दहावी आली तेव्हा अनिकेतच्या वडिलांनी पट्टा एक भोक सैल केला होता. आई म्हणत होत्या, "इतकं कधी जेवले नव्हते हो मी!"

आणि काचेचं दार उघडलं.

मागचं दार दत्तूदादाला सापडलं नव्हतं. तो पुढच्या दारानंच आला. डोक्याला टोपी, पाय पिंढरीपर्यंत चिखलाचे. मागं शालनवहिनी, छातीशी एक मोठा स्टीलचा डबा धरून. आणि उसाच्या फडातून हाक मारावी तशा आवाजात दादा म्हणाला,

"मास्तर! उपाशी पाव्हणं कुठं बसल्यात?"

अख्ख्या हॉटेलातले काटे-चमचे थांबले.

मॅनेजर धावला. "सर, सॉरी, बाहेरचं अन्न आत आणता येत नाही."

"बाहेरचं कुठलं? घरचं हाय!" दादा म्हणाला.

मुक्तानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. आता लपवण्यासारखं उरलं होतं काय? मी उभा राहिलो आणि पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं. पहिला गोळा, सार, रविवारची शाळा, सगळं. "आमच्या घरातून कुणी उपाशी गेलं नाही कधी," मी म्हणालो. "म्हणजे, ती असताना. आता माझ्या हातून तसं व्हायला नको होतं, म्हणून..." मी बसलो.

अनिकेतच्या आईंची नजर डब्यावर होती. झाकणावर, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं, बारीक अक्षरात नाव होतं. 'सौ. नंदा'.

"हा डबा तुमच्याकडं कसा?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"तिचाच हाय," वहिनी म्हणाल्या. "शेवटच्या सक्रांतीला गुळाच्या पोळ्या धाडल्या हुत्या तिनं ह्यातनं. माघारी द्यायचा ऱ्हायला. रिकामा डबा देत न्हाईत ना आमच्यात. अन् ती गेल्याव ह्यात काय घालून द्यावं, त्येच सुदरंना. दोन वर्सं मांडणीवर तसाच हाय बघा. आज भावजींचा फोन आला, म्हटलं, चला. भरला बया एकदाचा."

मला हे काही माहीत नव्हतं. घरात डबा दिसत नाही, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आईंनी हात पुढं केला, डबा स्वतःच्या पुढ्यात घेतला आणि झाकण काढलं. भाकरीची वाफ त्या एसीत वर आली. दहा ताटल्या पोटात असलेल्या बाईनं चतकोर भाकरी मोडली, ठेचा लावला आणि खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानं असेल, शालनवहिनींचा ठेचा तसाच असतो.

"पोटात जागा नाहीये," त्या म्हणाल्या, "पण हिच्या हातचं आलं असतं तर नको म्हटलं असतं का मी?" मग माझ्याकडं वळल्या. "घर सकाळीच आवडलं होतं हो. आमच्याकडून पक्कं समजा. एकच अट आहे."

मी खुर्ची पुढं ओढली. "सांगा ना."

"लग्नाच्या जेवणाचं बुकिंग तुम्ही फोनवर करायचं नाही!"

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? मॅनेजर! आणि मग तो डब्याकडं वाकला, आजूबाजूला बघितलं, आणि पुण्याची भाषा बाजूला ठेवून म्हणाला, "तात्या, ठेचा हिरव्या मिरचीचा हाय का? आवो, मी लोणी भापकरचा. सा म्हयनं झालं, हितलंच चाखतोय. आतल्या पोरांस्नी बी एकेक भाकरी दिली तर चालंल का?"

दादा म्हणाला, "आरं, घे की! लाजतूस कशाला?"

डबा आत गेला. पाहुण्यांनी अकरावी ताटली कशीबशी संपवली, माझ्या वाटच्या शेवटच्या दोन्ही दादा-वहिनींनी चाखल्या, आणि पाहुणे पुण्याला निघाले. दादा-वहिनी उसाकडं परत गेले. बिल मी दिलं. तेवढ्यात आमची अख्खी भावकी दोनदा जेवून उठली असती, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. निघताना मॅनेजर धावत आला, घासूनपुसून लखलखीत केलेला डबा माझ्या हातात दिला. "सर, रिकामा न्हाय दिलेला," तो हळूच म्हणाला.

आता तुम्हीच बघा. चार वाजलेले. अकरा ताटल्यांचं सगळ्यात भारी जेवण मी दिलं होतं आणि त्यातला एक घास माझ्या पोटात नव्हता! मुक्ता गाडी चालवत होती. मी इंदापूरपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसलो. एखादी भाकरी तरी ठेवली असेल बिचाऱ्यानं. थोडं पिठलं असेल.

घरी आलो. हातपायसुद्धा न धुता, नंदाच्या फोटोखालच्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं.

आत पांढरा कागद अंथरलेला. त्या एवढ्या थोरल्या डब्यात, बरोबर मधोमध, एक मिठाई. सुपारीएवढी. वर एक पान.

मी त्या मिठाईकडं बघत राहिलो. हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडं गेला असावा, कारण मागून मुक्ता ओरडली,

"बाबा, दत्तूकाकांना फोन लावू नका! हा पहिलाच कोर्स असेल!"