कारोला नेनीची आकडी

आमच्या डोंगरात पोराला शाळेत घालायच्या आधी एक कोंबडी मरताना दाखवतात. गावाच्या वरच्या अंगाला जमिनीतून वायू फुटतो, त्यावर लाकडी पायऱ्यांचा गोल खड्डा बांधलेला आहे. पोराला काठावर उभं करायचं आणि कोंबडी दोरीला बांधून खाली सोडायची. ती जरा पंख झाडते आणि मान टाकते. मग पोराच्या कानाखाली सणसणीत एक वाजवून सांगायचं, "खड्ड्यात वाकायचं नाही. टोपी पडली, पडू दे. बाप पडला, पडू दे." संध्याकाळी त्याच कोंबडीचा रस्सा.

कानाखाली वाजवायचं काम खड्ड्याच्या राखणदारणीचं, म्हणजे कारोला नेनीचं. आमच्याकडे वयस्कर बाईला नेनी म्हणतात, मावशी म्हणावं तसं. गावातल्या निम्म्या पुरुषांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं ते तिच्यामुळे, असं पुरुष म्हणतात. बायकांचं मत वेगळं आहे.

रोज सकाळी ती काठीला मेणबत्ती बांधून खड्ड्यात सोडायची. ज्योत विझेल तिथे भिंतीवर खडूची रेघ मारायची. रेघेच्या खाली मरण आणि वर औषध. दुखऱ्या पायांची मंडळी पायऱ्यांवर अशी बसायची की पाय रेघेखाली आणि नाक चांगलं वर. कुजक्या अंड्यांचा वास नाकात भरून घ्यायचा आणि गावभर कुणाचं काय चाललंय ते बोलायचं. पडलेल्या टोप्या नेनी लांब दांड्याच्या लोखंडी आकडीनं काढायची. ही आकडी खड्ड्यावरच्या खोपटाच्या दाराशेजारच्या खिळ्याला असायची. याच आकडीनं नेनीनं एकदा अस्वलाचं नाक फाडलं होतं आणि एकदा नवऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. अस्वल परत आलं नाही. नवरा आला, आणि मरेपर्यंत शहाण्यासारखा वागला.

लेक एतेल्का मात्र आईवर गेली नाही. तिनं नवरा केला तो केलेमेन. लाकूडतोड्या, बैलासारखा खांदा, आणि मारायचा तो बुटासकट लाथेनं. आधी दात गेले, मग बरगडी, मग पोटातलं मूल. नेनी आकडी घेऊन धावली तेव्हा एतेल्काच दारात आडवी झाली.

"आई, तू त्याला मारशील आणि तुरुंगात जाशील. मग मला कोण?"

"आणि त्यानं तुला मारलं तर मला कोण गं, भवाने?"

पुढच्या लाथेत लेक जाणार, हे नेनीला दिसत होतं. पण देवानं आधी केलेमेनच्या पायांना हात घातला. सिगारेटी ओढून ओढून त्याच्या रक्तवाहिन्या आखडल्या, बोटं काळी पडली. त्याला गुत्त्यापर्यंतही चालवेना. एतेल्काचा तो हिवाळा सुखाचा गेला. वसंतात दवाखान्याच्या हायनाल डॉक्टरीणबाईंनी त्याला खड्ड्यावर बसायला सांगितलं. नेनी तशीच दवाखान्यात घुसली.

"बाई, त्याचे पाय बरे करू नका."

"नेनी, मी डॉक्टर आहे."

"आणि मी आई आहे. ते पाय कशासाठी वापरतो, ठाऊक आहे ना?"

"पोलिसांत चला, मी येते बरोबर. पण पाय कुजू देणार नाही." डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "तुमच्या खड्ड्याला ज्या वायूचा वास येतो ना, तोच वायू आपलं शरीरही बनवतं. चिमूटभर. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एन्झाइम असतात, कारागीर म्हणा. खाल्लेल्या मांस-अंड्यांतलं गंधक घेऊन ते हा वायू सोडतात. त्यानं वाहिनी सैल होते, रक्त पुढे जातं. केलेमेनच्या पायांत हे कारागीर थंड पडलेत."

"पडले तर पडू देत. मेले आळशी असतील."

"आणि फार माजले तरी घात. कॅन्सरच्या काही गाठींत हेच एन्झाइम बेफाम होतात, गाठ त्यांच्यावर पोसते. कमी झाले तरी रोग, जास्त झाले तरी रोग."

"म्हणजे खड्ड्यासारखंच. रेघ कुठे आहे ते बघायचं."

"हो. खड्ड्यात जास्त वायू सोड्याच्या बाटलीतला, अंड्यांचा थोडासाच. गुण कशाचा, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. पण गुण येतो."

गुण आला. पाय गरम झाले, गुलाबी झाले. केलेमेन पायरीवर बसून बोटं हलवून दाखवायचा. "सासूबाई, बघा! आधी मी नाचतो, मग तुमच्या लेकीला नाचवतो." आम्ही सगळे आपापल्या टोपीचं अस्तर तपासायला लागायचो.

एका दुपारी एतेल्का त्याचं जेवण घेऊन आली. पाव होता, खारवलेलं डुकराचं मांस होतं.

"कांदा कुठाय?"

"संपला."

त्यानं तिची वेणी धरली आणि तिला पायऱ्यांवरून खाली फेकलं. ती थेट तळाला गेली. रेघेच्या कितीतरी खाली.

नेनीनं छाती भरून श्वास घेतला, ओठ आवळले आणि उडी टाकली. लेकीला वेणीनं आणि झग्यानं धरून फरफटत वर आणलं. रेघेच्या वर येते न येते तोच केलेमेननं तिच्या बरगडीत लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. नेनीनं लेक सोडली नाही. दुसरी लाथ कठड्यावर बसली, बूट निघाला आणि खाली गडगडला.

केलेमेननं लहानपणी कोंबडी पाहिली होती, रस्साही चापला होता. पण राग आला की माणूस खाल्लेलं विसरतो. बूट घेऊन सासूचं डोकं फोडायचं म्हणून तो वाकला. रागाचा एक मोठा श्वास त्यानं ओढला आणि तो घडी घातलेल्या कोटासारखा खाली बसला.

नेनी काठावर लेकीच्या थोबाडीत मारत होती. निळे ओठ उघडले, एतेल्का खोकली, ओकली, रडली. मग नेनी उठली. बरगडीवर हात दाबून म्हणाली, "आकडी! माझी आकडी कुठाय?"

आकडी दाराशेजारच्या खिळ्याला होती. आम्ही सगळे त्या खिळ्याकडेच बघत होतो. नेनी मागच्या कोठारात गेली. आत बादल्या सरकवल्याचा, फळ्या उचकटल्याचा आवाज येत राहिला. म्हातारा देनेश बोट वर करून म्हणाला, "अगं, ती तर इथं..."

त्याच्या बायकोनं, रेबेकानं, कोपर त्याच्या पोटात खुपसलं. "तुला दम लागतो ना? मग बोलू नये."

बऱ्याच वेळानं नेनी बाहेर आली. "नाही सापडत." मग खिळ्याकडे बघून, "अगंबाई, इथंच की!"

तिनं आकडी केलेमेनच्या घोट्यात अडकवली आणि ओढलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं, आणि प्रत्येक आपटीला रेबेका छातीवर क्रूस काढत होती.

तो जगला. पोलीस आले, त्यांना आम्ही खरं तेच सांगितलं: नेनीनं आकडी शोधली, सापडायला वेळ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदू हवेवाचून उपाशी राहिला. पाय मात्र सुरेख आहेत, नाडी लागते, रंग छान आहे. फक्त ते आता त्याचं ऐकत नाहीत. एतेल्का त्याला मक्याची लापशी भरवते. वर कांदा घालते, भरपूर. आणि नेनी त्याला रोज चाकांच्या खुर्चीतून खड्ड्यावर आणते. म्हणते, पाय जपायला हवेत, डॉक्टरीणबाईंनी एवढी मेहनत घेतली.

गेल्या शरदात देनेशला राहवलं नाही. शेजारी बसून हळूच म्हणाला, "कारोला, आता खरं सांग. आकडी तुला दिसली नव्हती?"

नेनीनं खिळ्यावरची आकडी काढली, टोकानं देनेशची टोपी अलगद उडवली आणि खड्ड्यात टाकली.

"देनेश, टोपी पडली तुझी," ती म्हणाली. "वाक की. उचल."

देनेश बोडक्या डोक्यानं घरी गेला.