एका दिवसाचं पथ्य

डहाणू रोडला रेल्वेत कामाला असलेल्या गोपीनाथची बायको सुषमा तशी वाईट बाई नव्हती. शेजारणीचं पोर तापलं तर भरल्या ताटावरून उठून धावायची. पण जळकी, महाजळकी! लहानपणी बहिणीच्या लांब वेणीवर जळली, शाळेत मैत्रिणीच्या अक्षरावर जळली, आणि धाकटी जाऊ निलम घरात आली तशी उरलीसुरली सगळी तिच्यावर जळली.

निलमचा नवरा नविन तलासरीला मास्तर. त्यांना मूल नव्हतं. सुषमाच्या श्रुतिकेला मात्र काकूशिवाय घास उतरत नसे. शाळेतून आली की दप्तर आईच्या अंगावर आणि स्वारी काकूच्या मांडीवर. "आई, काकूचे गाल बघ कसे लाल झाले!" निलमचे गाल मध्येच लालबुंद व्हायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, काय तेज आहे गं पोरीला! सुषमा पोळ्या लाटता लाटता पुटपुटायची, "आमच्याकडे माय मरो नि काकू उरो."

ते तेज नव्हतं, दुखणं होतं. पोटही सारखं बिघडलेलं, पण निलम लाजेने कुणाला सांगत नव्हती. २०१७ साली ती वाळत चालली तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे रक्तात रसायनं सोडणाऱ्या गाठी असाव्यात, मुंबईला जाऊन खास स्कॅन करा. शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, ते नेमकं जाऊन त्या गाठींना चिकटतं आणि फोटोत गाठी उजळून दिसतात. नविनला परीक्षेच्या कामातून सुटी मिळेना, म्हणून सोबत सुषमा गेली.

निलम आत मशीनमध्ये होती तेव्हा सिस्टरने सुषमाला बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी भरपूर पाजा. आजचा दिवस लहान मुलांना त्यांच्याजवळ पाठवू नका. उद्यापासून काही नाही."

दोघी घरी पोचल्या तर श्रुतिका दारातूनच ओरडली, "काकूऽ!" आईकडे ढुंकूनही बघितलं नाही. दिवसभर पायांचे तुकडे पडेस्तोवर धावपळ केली सुषमाने, आणि हाका कुणाला? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पोरीचा दंड धरला. "लांब हो! काकूच्या अंगात किरण आहेत. महिनाभर जवळ जायचं नाही. दवाखान्यात सांगितलंय."

जीभ बोलून मोकळी झाली. आणि इथून तारापूरची अणुभट्टी ती किती लांब? किरण म्हटलं की आमच्याकडे कुणी उलट प्रश्न करत नाही. सासूबाईंनी संध्याकाळीच निलमचं ताट-पेला वेगळा काढला, अंथरूण पडवीत टाकलं.

"अहो आई, एवढं कशाला?" सुषमा चाचरली.

"तूच ऐकून आलीस ना?"

नविन म्हणाला, "दवाखान्यात फोन करून विचारू का?" तर निलमच घाबरली. "नको. पोरीला काही झालं म्हणजे?"

पहिले दोन-चार दिवस सुषमाचे सणासारखे गेले. श्रुतिका तिच्या हातून जेवली, तिच्या कुशीत झोपली. मग एका दुपारी निलमने चिकू सोलून उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः मागे सरकली. पोरगी त्याला हात लावेना. "किरण लागतील." निलम हसली, चिकू उचलला आणि स्वतःच खाल्ला. त्या रात्री सुषमाला जेवण गेलं नाही. खरं सांगावं तर घरात तोंड काळं होणार, न सांगावं तर जीव खातंय.

रिपोर्ट घ्यायला दोघीच पुन्हा गेल्या. आतड्यात एक गाठ होती, लिव्हरमध्ये दोन लहान. डॉक्टर म्हणाले, "औषध गाठींना छान चिकटलंय. म्हणजे पुढचे उपचारही लागू पडतील अशी आशा आहे." निलमने गाठींचं काही विचारलं नाही. "डॉक्टर, पुतणीला जवळ कधी घेऊ? महिना झाला नाही अजून."

"महिना? ते औषध त्याच दिवशी उतरलं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुषमाने मान खाली घातली. निलमने तिच्याकडे एकदा बघितलं. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली," ती म्हणाली.

अगं बाई! चांगुलपणातसुद्धा हीच पुढे! एवढ्या शरमेतही सुषमा जळली.

बाहेर बाकावर बसल्यावर निलम हळूच म्हणाली, "ताई, पोरगी तुमचीच आहे. नुसतं सांगितलं असतंत, तर मीच लांब राहिले असते."

सुषमा घरी आली, निलमचं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत ठेवलं आणि सासूबाईंना सांगून टाकलं, "महिना मी म्हटला. दवाखान्याने नाही." सासूबाई जे बोलल्या ते तिने मुकाट ऐकून घेतलं.

पण श्रुतिका काही काकूजवळ जाईना. दाराआडून बघत राहिली. तेव्हा सुषमा पडवीत गेली आणि निलमच्या अंगाला अंग लावून बसली. तिचा हात आपल्या गालावर ठेवला. "बघ, मला काही होतंय का?"

पोरगी एकेक पाऊल टाकत आली. आईच्या मांडीवर पाय देऊन, आईला ओलांडून, धपकन काकूच्या कुशीत शिरली.

सुषमाच्या काळजात कळ उठली, अगदी नेहमीची. पण ती जागची हलली नाही.