उत्साहात संपन्न

"भाजीवालीची पोरगी हे. हिच्या हातात कागद देल्ला तं हे त्याची पुडीच बांधीन."

आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष हे माझ्यासमोर म्हणाले, पण मला नाही. मुख्याध्यापकांकडे बघून म्हणाले. मी टेबलाच्या अलीकडे उभी होते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना 'बसा' म्हणायची पद्धत आमच्या शाळेत नाही. टेबलावर माझ्या वर्गाच्या भिंतीवरून ओरबाडून आणलेला एक कागद होता, कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. मुख्याध्यापक हसले. ऑफिसातले बाबू हसले.

मीही हसले.

ते हसू मला अजून पचलेलं नाही. अपमान झाला की माणूस चिडतो, निदान गप्प राहतो. मी हसले. नऊ वर्षांत अंगवळणीच पडलं होतं. अध्यक्ष बोलले की आधी हसायचं, काय बोलले ते मागून समजून घ्यायचं.

शाळा अकोल्याच्या बाहेर, दर्यापूरच्या रस्त्याला. मी मराठी शिकवते. शिकवत होते. माझं घर अंजनगावकडचं. आई आयुष्यभर बाजारात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या जुड्या घेऊन बसली. त्यावर मी शिकले, अमरावतीला जाऊन पत्रकारितेची पदविका केली. बातमीदार व्हायचं होतं. झाले शाळेची बातमी लिहिणारी.

ते काम असं. शाळेत कार्यक्रम असला की त्याची बातमी मी लिहायची. कार्यक्रम झाल्यावर नाही, आदल्या दिवशी. पेपरवाल्यांना बातमी दुपारच्या आत पाहिजे असते, आणि कार्यक्रम लांबत लांबत संध्याकाळ होते. म्हणून दीपप्रज्वलनाच्या आधीच दीपप्रज्वलन झालेलं असतं. पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आधी मार्गदर्शन केलेलं असतं. शेवटचे दोन शब्द ठरलेले, उत्साहात संपन्न. आमच्याकडे सगळ्याच शाळा असं करतात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. वाटून घ्यायला अंगात जोर लागतो. दिवसाचे सहा तास शिकवून, दोन एसट्या बदलून घरी जाणाऱ्या बाईच्या अंगात तो कुठून येणार?

यंदा वरून पत्रक आलं. आठवी-नववीच्या मुलांना आठवड्यातून एक तास पत्रकारिता शिकवा. सोबत इंटरनेटवरच्या धड्यांची यादी. व्हिडिओ, प्रश्नावल्या, घरचा अभ्यास, सगळं फुकट. माझ्या पदविकेमुळे ते माझ्याच गळ्यात पडलं. चित्रकलेच्या खोलीत प्रोजेक्टर, नेट माझ्या मोबाइलचं. पडद्यावर एक नीटनेटक्या ताई यायच्या, मागे पुस्तकांचं कपाट. मधेच चक्र फिरत बसायचं आणि ताईंचं तोंड उघडंच राहायचं. पोरं खुश.

एका धड्यात त्या म्हणाल्या, तुमच्या सोसायटीच्या सचिवांची मुलाखत घ्या. पोरांनी घेतली. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाला गाठून युरिया कधी येणार ते विचारून आली. मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी बातमी इतकी नीट कळली नसती. ताईंनी शहरातल्या मुलांसाठी केलेलं ते आमच्या पोरांनी आपल्या मापाचं करून घेतलं. तो एक तास मला आवडायला लागला. आठवड्यातला तेवढाच.

मग डिजिटल वर्गाचं उद्घाटन निघालं. अमरावतीहून मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी दुपारी डबा खाता खाता मी बातमी लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी पोरं सकाळी आठपासून मैदानात बसली. एक वाजला. पाहुणे आलेच नाहीत. वर्गाचं कुलूपही उघडलं नाही, मंडप निघाला, पोरं घरी गेली. पेपरला फोन करून बातमी थांबवायची हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

सकाळी ती छापून आली. डिजिटल वर्गाचं उद्घाटन उत्साहात संपन्न, पाहुण्यांचं विद्यार्थ्यांना मोलाचं मार्गदर्शन. स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. बाबू म्हणाले, "बरं झालं, न येताच बोलून गेले. वेळ वाचला."

त्याच आठवड्यात ताईंचा धडा होता बातमीच्या पडताळणीचा. पेपरातली एक बातमी निवडा, तिथे हजर असलेल्या माणसांना विचारा, खरं निघेल ते लिहा. नववीतल्या पल्लवीने उद्घाटनाची बातमी निवडली. पल्लवी जवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याघरची, वर्गात फारसं न बोलणारी पोरगी. तिने मंडपवाल्याला विचारलं, शिपाईकाकांना विचारलं, दहा पोरांना विचारलं. लिहिलं असं: "आम्ही आठपासून एकपर्यंत उन्हात बसलो. पाहुणे आले नाहीत. मार्गदर्शन झाले नाही. शिपाईकाका म्हणाले, खोलीची किल्ली माझ्या खिशातच होती."

वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, आता फक्त हे बातमी कोनं लिहिली तेवढं विचाराचं राह्यलं. कोनाले विचारू?"

मी म्हणाले, "पेपरवाल्यांनी लिहिली असेल."

चौदा वर्षांच्या पोरीला मी खोटं सांगितलं, तेही खरं शोधायच्या तासाला. तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता. मला त्या दिवशी माझीच किळस आली.

कागद मी भिंतीवर लावला. धाडस म्हणून नव्हे. सगळ्यांचे लावले आणि तिचाच मागे ठेवला असता तर तिने कारण विचारलं असतं, आणि आणखी एक खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. दोन दिवसांनी अध्यक्षांनी तो पाहिला.

पुडीचं वाक्य झालं, हसणं झालं, मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "सोमवारी प्रार्थनेले ते पोरगी माफी मांगीन. मी खोटं लिहिलं म्हनून वाचून दाखवीन. लिहून तुमी द्या. तुमाले सवय हे." आणि मग, जरा हळू आवाजात, "तुमचा कायम कराचा प्रस्ताव याच महिन्यात अमरावतीच्या शिक्षण ऑफिसात जानार हे."

नऊ वर्षं मी त्या प्रस्तावाची वाट बघत होते. मी "हो" म्हणाले.

रविवारी मी घरीच होते. आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, पल्लवीच्या प्रश्नापासून पुडीच्या वाक्यापर्यंत. वाटलं, ती अध्यक्षाला चार शिव्या घालील.

ती म्हणाली, "भाजीवालीची पोरगी म्हटलं त्याचं तुले वाईट वाटलं?"

मी तिच्यापुढे सुतळी सरकवली.

"मंग? मी भाजीवालीच हाओ ना." जुडी बांधून तिने टोपलीत टाकली. "कालच्या भाजीवर पानी मारतोच आमी. पन गिऱ्हाइकानं विचारलं तं सांगा लागते बाई, कालची हे म्हनून. त्या पोरीनं तुले विचारलं होतं ना?"

बस. तिने पुढे मेथीच निवडली. मला समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. तिला पुढच्या गाडीने परतवाड्याचा बाजार गाठायचा होता.

सोमवारी प्रार्थना झाली. अध्यक्ष खुर्चीवर बसले होते. पल्लवी माईकशेजारी उभी, वेण्या घट्ट, ओठ पांढरे पडलेले. तिला मी लिहिलेला कागद वाचायचा होता. मी कागद तिच्या हातात दिला नाही. स्वतः वाचला.

"डिजिटल वर्गाच्या उद्घाटनाची बातमी मी लिहिली. आदल्या दिवशी दुपारी, स्टाफरूममध्ये बसून. ती खोटी आहे. पल्लवीने लिहिलं ते खरं आहे. तिने मला विचारलं तेव्हा मी तिलाही खोटं सांगितलं."

माईक मधेच बंद केला गेला. उरलेलं मी मोठ्याने वाचलं. पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असेल. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. शिक्षक जमिनीकडे बघत होते. अध्यक्ष उठून गाडीत बसले. मी हसले नाही, एवढं मला आठवतं.

पल्लवी रांगेत परत जाताना माझ्याजवळ थांबली. "मॅडम, मले तवाच कावून नाही सांगतलं?" तिचा आवाज चिडका नव्हता, ते जास्त लागलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलावं अशी मागणी करायचा मला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासिका काढून घेतल्या. प्रस्ताव अमरावतीला गेला नाही. पत्रकारितेच्या तासाला आता पोरं चित्रं काढतात, असं ऐकते.

मी घरी आहे. थकले आहे. सकाळी आईबरोबर जुड्या बांधते. दुपारी मोबाइल भिंतीला टेकवून धडे रेकॉर्ड करते आणि नेटवर टाकते. शाळकरी पोरांसाठी, आमच्याकडच्या बोलण्यात, मागे कपाट नाही. पहिला धडा 'खोटी बातमी कशी लिहितात' हा. उदाहरण बाहेरून आणलं नाही, माझीच बातमी पडद्यावर धरली आणि लिहिणारीचं नाव वाचलं. नऊ वर्षांत असल्या किती लिहिल्या ते मोजलं नाही. जेवढ्या सापडतील तेवढ्या एकेक करून काढीन, हजर असलेल्या माणसांकडे जाईन, काय झालं होतं ते विचारीन. सगळ्या निस्तरायच्या आहेत, आणि त्या माझ्याच आहेत.

परवा शाळेचे बाबू बाजारात आईच्या दुकानाशी आले. मी तिथेच बसले होते. म्हणाले, "मॅडम, अध्यक्ष म्हनतात, तेवढं ते व्हिडिओ काढून टाका. तासिका परत भेटतीन."

मी म्हणाले, "लिहून आना बाबू. अध्यक्षायच्या सहीनं. मले पुढच्या धड्यात दाखवाचं हे."

ते लिहून आणणार नाहीत. मीही धडा काढून टाकणार नाही.